रोगी बालकाचें तोंड : काळ्या आजाराच्या इतिहासांतील एक उपेक्षित प्रकरण

लहान मूल तापानें फणफणलें म्हणजे आई प्रथम त्याच्या कपाळावर हात ठेविते, आजी त्याच्या पायांचे तळवे चोळते, आणि डॉक्टर आले म्हणजे ते नाडी पाहतात, छातीला नळी लावितात, पोट चाचपतात. जीभ पाहण्यापुरतें तोंड क्षणभर उघडलें जातें व लगेच मिटतें. हिरड्या कशा आहेत, दांतांच्या मुळाशीं काय सांचलें आहे, गालाच्या आंतल्या बाजूस एखादा व्रण पडला आहे काय, हें पाहण्याची आठवण फार थोड्यांस होते. या विसराची किंमत कित्येक बालकांनीं आपल्या जिवानें, आणि जीं वांचलीं त्यांनीं आपल्या चेहऱ्यानें दिली आहे. ती हकीकत एका रोगाच्या इतिहासांत फार स्पष्टपणें वाचावयास मिळते. तो रोग म्हणजे काळा आजार. या महोत्सवाच्या स्मरणिकेंत ती थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा रोग आपल्या कोंकणपट्टीचा नव्हे. बंगाल, आसाम व बिहार हीं त्याचीं आपल्या देशाकडील जुनीं घरें. भूमध्य समुद्राचा किनारा, उत्तर चीन, सुदान आणि ब्राझील हीं परदेशांतील. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं त्याचें नांवहि ऐकलें नसेल. तरीहि तो विषय आम्हीं हातीं घेतला, कारण त्यांतून निघणारा धडा दीर्घ तापानें खंगलेल्या कोणत्याहि मुलाच्या उशाशीं बसणाऱ्या आईबापांस उपयोगीं पडणारा आहे.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊं. काळा आजार एका परोपजीवी जंतूपासून होतो, आणि हा जंतु सूक्ष्मदर्शक यंत्रावांचून दिसत नाहीं. सँडफ्लाय नांवाची, डांसाहूनहि लहान व अंगावर लव असलेली एक माशी असते. आपल्या देशांत ती मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत राहते व रात्रीं चावते. तिच्या दंशावाटे जंतु शरीरांत शिरतो आणि प्लीहा, यकृत व हाडांतील मगज या तीन ठिकाणीं ठाण मांडून वाढत राहतो. आठवड्यामागून आठवडे ताप येत राहतो. पाणथरी वाढून पोट नगाऱ्यासारखें होतें, हातपाय काड्यांसारखे होतात, अंगांतील रक्त आटतें. आपल्या देशांतील पुष्कळ रोग्यांची कातडी काळवंडते, व त्यावरूनच रोगास हें देशी नांव मिळालें. औषध सांपडण्यापूर्वीं शेंकडा नव्वदांहून अधिक रोगी दगावत असत.

१८२४-२५ च्या सुमारास बंगालच्या जेसोर जिल्ह्यांत एका विलक्षण तापाची सांथ आल्याची नोंद आहे. ती याच रोगाची असावी असें जाणकार मानतात. १८८० नंतर गारो टेंकड्यांच्या पायथ्यापासून ही सांथ ब्रह्मपुत्रेच्या कांठाकांठानें आसामांत वर चढत गेली आणि वाटेंतील गांवें तिनें ओस पाडलीं. कोणी तिला हिंवताप म्हटलें, कोणी तो आंतड्यांतील कृमींचा विकार मानला. क्विनाइन दिलें तरी ताप हटेना. अखेर १९०३ सालीं कोडें सुटलें. कलकत्त्याजवळील डमडम येथें ताप जडलेला एक गोरा शिपाई इंग्लंडांत नेटली येथील लष्करी इस्पितळांत मरण पावला होता. त्याच्या प्लीहेंत विल्यम लीशमन या डॉक्टरांस बारीक अंडाकृति कण दिसले होते, तें त्यांनीं त्या वर्षाच्या मे महिन्यांत प्रसिद्ध केलें. जुलै महिन्यांत मद्रासचे डॉक्टर चार्ल्स डोनोव्हन यांनीं आपल्या रोग्यांतहि तेच कण असल्याचें कळविलें. सर रोनाल्ड रॉस यांनीं दोघांचींहि नांवें जोडून जंतूस ‘लीशमानिया डोनोव्हानी’ असें नांव दिलें. पुढें १९०८ सालीं ट्यूनिस येथें शार्ल निकोल यांनीं भूमध्य समुद्राकडील बालकांस होणारा तसलाच आजार ओळखला. तिकडे हा रोग मुख्यत्वें लहान मुलांचाच असल्यामुळें तेथील जंतूस बालकांवरूनच नांव मिळालें.

आतां आमच्या विषयाकडे वळूं. जंतु राहतो प्लीहेंत व मगजांत. मग तोंडाचा संबंध कोठें आला? संबंध असा आहे. आपल्या रक्तांतील बहुविध पेशी हाडांच्या मगजांत तयार होतात. तेथें जंतु शिरला व वाढलेल्या प्लीहेनें उरल्यासुरल्या पेशी अडवून ठेविल्या, म्हणजे तिन्ही प्रकारच्या पेशी घटतात. तांबड्या पेशी घटल्या कीं ओंठ व हिरड्या पांढुरक्या पडतात. रक्त गोठविणाऱ्या बारीक कणिका घटल्या कीं हिरड्यांतून थोड्या धक्क्यानेंहि रक्त येऊं लागतें. आणि पांढऱ्या पेशी घटल्या, म्हणजे शरीराचे पहारेकरीच नाहींसे होतात. सर लिओनार्ड रॉजर्स यांनीं कलकत्त्यास दाखवून दिलें होतें कीं काळ्या आजारांत पांढऱ्या पेशींची संख्या इतकी उतरते कीं त्यावरून रोगाची शंका घेतां येते. आतां निरोगी माणसाच्या तोंडांतहि असंख्य जंतु सदैव वास करीत असतात. जोंपर्यंत पहारा आहे तोंपर्यंत ते मर्यादेनें राहतात. पहारा उठला म्हणजे तेच शेजारी दरोडेखोर बनतात. त्यांत तापानें तोंड कोरडें पडलेलें, लाळ कमी झालेली, मूल तोंडानें श्वास घेणारें, महिनोन्‌महिने पोटांत पुरेसें अन्न नाहीं, आणि हिरड्यांतून रक्त येतें म्हणून दांत घासणें बंद केलेलें. इतक्या गोष्टी जुळून आल्यावर तोंडांत अनर्थ न घडला तरच नवल.

जुन्या वैद्यकीय ग्रंथांत काळ्या आजाराच्या रोग्याचा अंत कसा होतो तें वाचलें तर तीन कारणें पुनःपुन्हां आढळतात : रक्ताचा हगवण, फुप्फुसाचा दाह, आणि तोंड सडविणारा एक भयंकर विकार. या तिसऱ्यास डॉक्टर लोक ‘कॅन्क्रम ओरिस’ किंवा ‘नोमा’ म्हणतात. नोमा हा शब्द ग्रीक भाषेंतील ‘चरत जाणें’ या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. गुरें जशीं कुरण चरत जातात तसा हा विकार चेहरा चरत जातो. तो बहुधा दोन ते सहा वर्षांच्या मुलांस होतो. आरंभीं एखादी हिरडी लाल होऊन सुजते, तिच्यांतून रक्त येतें, तोंडाला घाण वास येऊं लागतो. ‘तोंड आलें आहे, बरें होईल,’ असें म्हणून घरचीं माणसें स्वस्थ राहतात. मग एका बाजूचा गाल सुजून ताठ व चकचकीत होतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत गालावर काळा डाग उमटतो, तो भाग मरतो, गळून पडतो, आणि आंतले दांत व जबड्याचें हाड उघडें पडतें. औषधोपचार न मिळाल्यास यांतून बहुतेक मुलें मरण पावतात. जें मूल जगतें त्याचा जबडा पुष्कळदां व्रणाच्या ताठरपणानें आवळला जातो. त्यास धड खातां येत नाहीं, धड बोलतां येत नाहीं, आणि लोक त्याच्याकडे पाहून तोंड फिरवितात.

हा विकार काळ्या आजारापुरताच नाहीं, किंवा केवळ उष्ण देशांचाहि नाहीं. १५९५ सालीं कारोलुस बात्तुस या डच शस्त्रवैद्यानें त्याचें वर्णन केलें आहे. १८४८ सालीं स्ट्रासबुर्गचे तूर्द यांनीं त्याची जी व्याख्या केली तींत स्पष्ट म्हटलें आहे कीं निकृष्ट राहणीनें व गंभीर आजारानें, विशेषतः गोवरासारख्या तापांनीं, ज्यांची प्रकृति बिघडली आहे अशा बालकांस तो होतो, आणि त्याचा आरंभ तोंडाच्या आंतल्या त्वचेवरील व्रणानें होतो. म्हणजे रोग कोणताहि असो, वाट एकच : आधीं भूक, मग दीर्घ आजार, मग दुर्लक्षित हिरडी. काळ्या आजारानें ही वाट सर्वांहून सोपी करून दिली, कारण पहारेकरी घालविण्याचें काम तो स्वतःच करीत असे.

या रोगावरील औषधाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे, आणि त्याचें एक पान बालकांच्याच इस्पितळांत लिहिलें गेलें आहे. १९१५ सालीं सिसिली बेटांतील डॉक्टर दि क्रिस्तीना व कारोनिया यांनीं अँटिमनी धातूचा एक क्षार, ज्यास ‘टार्टार एमेटिक’ म्हणतात तो, काळ्या आजारानें पीडलेल्या मुलांच्या शिरेंत टोंचून पाहिला आणि मुलें बरीं होऊं लागलीं. अँटिमनी आपणांस अगदींच परकी नाहीं. तिचें गंधकमिश्रित रूप म्हणजे डोळ्यांत घालावयाचा जुना सुरमा. त्याच सुमारास रॉजर्स यांनीं कलकत्त्यास हाच उपाय चालविला. परंतु या औषधाच्या नांवांतच ‘वांति करविणारें’ असा अर्थ आहे. इंजेक्शनें आठवड्यांतून दोनतीनदां याप्रमाणें महिनोन्‌महिने द्यावीं लागत. ओकाऱ्या होत, खोकला येई, व लहान मुलाची बारीक शीर सांपडतां सांपडत नसे. या दीर्घ अवधींत प्लीहा हळूहळू उतरत असे. पण मूल मात्र अजून अशक्त, ओकारीनें तोंड आंबलेलें, खाण्यास नाखूष असें पडून राही. प्लीहेवर इलाज चालूं असतां तोंडाकडे कोणी न पाहिल्यास सगळी मेहनत वायां जाण्याचा धोका असे.

या ठिकाणीं एक चमत्कारिक गोष्ट नमूद केली पाहिजे. औषध सांपडण्यापूर्वींच्या काळांत कांहीं डॉक्टरांस असें दिसून आलें होतें कीं नोमासारख्या पुवाळणाऱ्या विकारांतून जो रोगी जिवंत वांचे, त्याचा काळा आजारहि क्वचित् आपोआप बरा होई. तोंडांतील संकटाशीं झुंजण्यासाठीं शरीर पांढऱ्या पेशी जोरानें निर्माण करतें व त्यांचा लाभ इतरत्रहि होतो, असा त्यावरून तर्क केला गेला. आणि पेशी वाढविण्यासाठीं मुद्दाम गळवें आणण्याचेहि प्रयत्न झाले. हे प्रयत्न पुढें मागें पडले. परंतु ज्या काळांत चेहरा गमावून बसलेलें मूल सुदैवी गणलें जाई, तो काळ किती हताश असला पाहिजे याची कल्पना या एका गोष्टीवरून करतां येते.

तो काळ पालटविण्याचें मोठें श्रेय आपल्याच देशाच्या एका पुत्रास आहे. डॉक्टर उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनीं कलकत्त्याच्या कॅम्बेल इस्पितळांतील एका लहानशा खोलींत, जेथें गॅसची शेगडी नव्हती, पाण्याचा नळ नव्हता, व रात्रीं काम करावयाचें तर रॉकेलचा कंदील लावावा लागे, अशा स्थितींत अँटिमनीचें ‘युरिया स्टिबामाइन’ हें नवें संयुग तयार केलें. १९२२ सालीं त्याचे परिणाम प्रसिद्ध झाले. महिन्यांचा उपचार आठवड्यांवर आला, आणि आसाम-बंगालमध्यें असंख्य लोकांचे प्राण वांचले. उपचार जितका लौकर पुरा होई तितके दिवस तोंडाचा धोका कमी होई, हा त्याचा एक लाभ ग्रंथांत फारसा मोजला गेलेला नाहीं. आम्हांस मात्र तो लहान वाटत नाहीं. माशीचा गुन्हा सिद्ध होण्यास अजून अवधि होता. १९२४ सालीं कलकत्त्यास तिच्या पोटांत जंतु वाढतांना दिसले. पण तिच्या दंशानेंच माणसास रोग जडतो हें १९४२ सालीं आसामांत, कांहीं माणसांनीं स्वखुषीनें तो दंश सोसल्यावर, निर्विवाद ठरलें.

या इतिहासांत लीशमन, डोनोव्हन, रॉजर्स, ब्रह्मचारी यांचीं नांवें अजरामर झालीं आहेत, व तें योग्यच आहे. परंतु इस्पितळाच्या खाटेवरील मुलाचें तोंड कोणीं धुतलें? तें काम डॉक्टरांचें नव्हतें. तें परिचारिकेचें, आणि जेथें परिचारिका नव्हती तेथें आईचें. त्या काळच्या शुश्रूषेच्या पुस्तकांत तोंड स्वच्छ करण्याची रीत बारकाईनें दिलेली असे. स्वच्छ फडक्याची किंवा कापसाची पट्टी बोटाभोंवतीं गुंडाळावी, ती टांकणखार व ग्लिसरीन यांच्या मिश्रणांत किंवा परमँगनेटच्या सौम्य पाण्यांत भिजवावी, आणि गाल, जीभ, टाळू व हिरड्या हलक्या हातानें पुसाव्या. पट्टी एकदां वापरली कीं जाळून टाकावी. दिवसांतून कित्येक वेळां, तापानें चिडलेल्या व तोंड घट्ट मिटून घेणाऱ्या मुलाशीं गोड बोलून, दुर्गंधि सोसून हें करावयाचें. या कामासाठीं कोणास पदक मिळालें नाहीं, आणि हें करणारीचें नांव कोणत्याहि जंतूस दिलें गेलें नाहीं.

आपल्या धर्मभगिनींचा येथें उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. उत्तर चीनमध्यें काळा आजार मुख्यत्वें मुलांचा रोग होता, व तेथील मिशन इस्पितळांतून नोमानें पीडलेलीं मुलें वारंवार येत असत. आपल्या देशांत ज्या बिहार प्रांतांत या रोगाचें ठाण आहे, तेथें १९३९ सालीं पाटणा शहरांत मेडिकल मिशन सिस्टर्स या संघाच्या भगिनींनीं होली फॅमिली इस्पितळ उघडलें. तें पुढें कुर्जी येथें गेलें. या संघाची स्थापना ऑस्ट्रियाच्या डॉक्टर ॲना डेंगेल यांनीं १९२५ सालीं केली होती. धर्मभगिनींनीं पूर्ण अर्थानें वैद्यकी व सुईणपण करावें अशी मोकळीक पवित्र पीठानें १९३६ सालीं दिली, त्यापूर्वीं अशा कामास धर्मनियमांची अडचण होती. रोग्याच्या शरीराचें कोणतेंहि काम हलकें नाहीं, ही समजूत त्या वर्षीं कायद्यांतहि उतरली असें म्हणण्यास हरकत नाहीं.

यानंतर पेनिसिलिन आलें, व १९४० नंतरच्या दशकांत नोमाचा प्राणघातक वेग प्रथमच आंवरतां येऊं लागला. परंतु एक गोष्ट लक्षांत ठेवावी. युरोपांतून हा विकार पेनिसिलिन येण्यापूर्वींच जवळजवळ नाहींसा झाला होता. तो औषधानें गेला नाहीं. गरिबाच्या मुलास पुरेसें दूध, भाकरी व स्वच्छ घर मिळूं लागलें म्हणून गेला. याचा उलट पुरावा पुढच्या काळानें दिला. १९४३-४४ सालीं नाझी लोकांच्या ऑशविट्झ येथील छळछावणींत डांबलेल्या रोमा जमातीच्या उपाशी मुलांत तोच नोमा पुन्हां प्रकट झाला. हा विकार भुकेचें अपत्य आहे याविषयीं यानंतर कोणासहि शंका घेण्याचें कारण उरलें नाहीं.

आतां थोडें ब्राझीलकडे पाहूं, कारण आजच्या काळांतील रोगी बालकाचें तोंड कसें असतें हें तेथें चांगलें समजून येतें. या रोगास तेथेंहि आपल्याच देशांतून गेलेल्या नांवानें ‘कालाझार’ म्हणतात. १९३४ सालीं पीतज्वरासाठीं मृतांचीं यकृतें तपासतांना डॉक्टर एन्रिके पेना यांस ४१ नमुन्यांत काळ्या आजाराचे जंतु आढळले. तोंपर्यंत तेथें हा रोग आहे याची बहुधा कोणास जाणीव नव्हती. १९५३ सालीं सेआरा प्रांतांत सोब्राल येथें मोठी सांथ आली, आणि लेओनिदास व मारिया डीन या दांपत्यानें कुत्रे व कोल्हे हे तेथें रोगाचे सांठे आहेत असें दाखविलें. १९८० नंतर खेड्यांतील दुष्काळानें हांकलेले लोक शहरांच्या कडेस झोंपड्या बांधून राहूं लागले, तसा रोगहि त्यांच्यामागें तेरेझिना, नाताल यांसारख्या शहरांत शिरला. तेथेंहि त्याचे भक्ष्य मुख्यत्वें लहान मुलेंच.

आज योग्य उपचार मिळालेल्या मुलांत नोमा सहसा दिसत नाहीं, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु तोंडाचा प्रश्न त्यानें संपलेला नाहीं; त्यानें फक्त रूप बदललें आहे. गरीब घरांतून आलेल्या मुलाचे दांत रोगापूर्वींच किडलेले असतात. इस्पितळांत आल्यावर हिरड्यांतून रक्त येतें म्हणून ब्रश बाजूस ठेविला जातो. मग दांतांवर कीट सांचतो, कीट सांचला म्हणून हिरड्या अधिक सुजतात, आणि सुजल्या म्हणून अधिक रक्त येतें. गोड औषधें रात्रीं निजतांना पाजलीं जातात व त्यांची साखर सकाळपर्यंत दांतांस चिकटून राहते. प्रतिकारशक्ति उतरल्यामुळें जिभेवर व गालांत पांढरी बुरशी धरते. तोंड दुखतें म्हणून मूल खात नाहीं. खात नाहीं म्हणून शक्ति येत नाहीं. शक्ति येत नाहीं म्हणून औषधाचा गुणहि उशिरां येतो. याशिवाय हिरडीचें रक्त ही डॉक्टरांसाठींहि एक सूचना असते, कारण या रोगांत रक्तस्राव होणें हें गंभीर लक्षण मानलें जातें. अर्थात् तोंड पाहणें म्हणजे केवळ दांतांची काळजी नव्हे. तें रोगाचा अंदाज घेण्याचेंहि साधन आहे.

मायबहिणींनो, येथपर्यंतची हकीकत दूरदेशींची झाली. आतां घरची गोष्ट. आपल्याकडे काळा आजार नसला तरी दीर्घ ताप, हिंवताप, गोवर व कावीळ यांनीं मुलें अंथरुणास खिळतात. अशा वेळीं पुढील गोष्टी कराव्या असें आम्ही आग्रहानें सांगतों. रोज सकाळीं उजेडांत मुलाचा ओंठ वर व खालीं करून हिरड्या पाहाव्या. उकळून निववलेल्या पाण्यांत स्वच्छ मऊ फडकें भिजवून दांत, हिरड्या व जीभ दिवसांतून निदान दोन वेळां, तसेंच ओकारी झाल्यावर, हलकेच पुसावीं. चूळ भरतां येणाऱ्या मोठ्या मुलास कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा भरावयास लावाव्या. गोड औषध दिल्यावर दोन घोट पाणी पाजावें. रक्त येणाऱ्या हिरडीवर मशेरी, कोळसा किंवा खरखरीत दंतमंजन घासूं नये. पण रक्त येतें म्हणून स्वच्छताहि थांबवूं नये. ‘दुधाचे दांत, ते पडावयाचेच, त्यांची चिंता कशाला?’ हें बोलणें सोडून द्यावें, कारण मूल ज्या दांतांनीं खाऊन बरें व्हावयाचें ते आज तोंडांत आहेत तेच होत. आणि तोंडास दुर्गंधि येऊं लागली, हिरडीवर करडा थर आला, किंवा एका बाजूचा गाल सुजला, तर उद्यांपर्यंत न थांबतां त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. नोमाच्या आरंभीं साधीं जंतुनाशक औषधें, तोंडाची स्वच्छता व पौष्टिक आहार एवढ्यानें मूल वांचतें व चेहराहि वांचतो. गाल काळा पडल्यावर मात्र जें गेलें तें परत येत नाहीं.

आपल्या धर्मग्रामांतील ज्या भगिनी व कन्या परिचारिकेचें काम करितात त्यांसहि आमची एक विनंति आहे. रुग्णाच्या तक्त्यावर ताप लिहिला जातो, नाडी लिहिली जाते. त्याच तक्त्यावर तोंडाचीहि एक ओळ लिहिण्याचा प्रघात आपण आपल्यापुरता पाडावा. त्यास खर्च कांहीं लागत नाहीं.

२०२३ सालच्या अखेरीस, अवघ्या दोन महिन्यांच्या आंत, दोन बातम्या आल्या. ऑक्टोबर महिन्यांत जागतिक आरोग्य संघटनेनें जाहीर केलें कीं बांगलादेशानें काळा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हटविला आहे. असें करणारा तो जगांतील पहिला देश ठरला. ज्या जेसोरमध्यें दोनशें वर्षांपूर्वीं सांथीची पहिली नोंद झाली, तें जेसोर आज त्याच देशांत आहे. आणि डिसेंबर महिन्यांत त्याच संघटनेनें नोमाचें नांव जगाच्या उपेक्षित रोगांच्या यादींत प्रथमच घातलें. एक रोग एका देशांतून हटला असें जाहीर झालें, आणि दुसरा रोग अस्तित्वांत आहे एवढें मान्य झालें. प्लीहेची दखल घ्यावयास जगास १९०३ साल उजाडावें लागलें. मुलाच्या सडत्या गालाची दखल घ्यावयास त्यानंतर आणखी एकशेंवीस वर्षें लागलीं. नायजेरियांतील सोकोटो येथें नोमाच्या मुलांसाठीं १९९९ पासून स्वतंत्र इस्पितळ चालूं आहे, व तेथें शस्त्रवैद्य फाटलेले चेहरे पुन्हां सांधीत असतात. तेथें येणारें प्रत्येक मूल हें एके काळीं केवळ सुजलेली हिरडी असलेलें मूल होतें.

महोत्सवाच्या प्रसंगीं आपण ज्यांनीं चर्च बांधलें, शाळा काढल्या, विहिरी खोदल्या त्यांचीं नांवें आदरानें घेतों. त्याच आदरानें, ज्यांचीं नांवें कोठेंहि लिहिलेलीं नाहींत, परंतु ज्यांनीं कंदिलाच्या उजेडांत रोगी बालकाचें तोंड हळुवार हातानें पुसून त्यास दुधाचा एक घोट गिळावयास लाविला, त्या मातांचें व परिचारिकांचें आम्ही आज स्मरण करितों. आमचे वाचक घरीं गेल्यावर आपल्या आजारी लेंकराचें किंवा नातवंडाचें तोंड एकदां उजेडांत उघडून पाहतील, तर हा लेख लिहिण्याचे आमचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.